कडुनिंब विकणारे बाबा आणि वहीतला तुकोबांचा अभंग

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारी मुलगी चोवीस वर्षांची आहे. पश्चिम विदर्भात जंगलाला लागून असलेल्या एका गावात तिचं घर आहे. सात एकर कोरडवाहू शेती, त्यात कापूस आणि तूर. ती शहरात वसतिगृहात राहून मराठीत एम.ए. करते. लघुप्रबंधासाठी तिनं हौसेनं विषय घेतला तो मराठी साहित्यातल्या माणूस आणि निसर्गाच्या नात्याचा. दिवाळीला घरी गेली तर धुऱ्यावरचा (शेताच्या बांधावरचा), आजोबांच्या काळापासूनचा कडुनिंब जागेवर नव्हता. बाबांनी तो लाकूडवाल्याला विकला होता. तिनं जाब विचारला, आवाज चढले, आणि तिनं बाबांना 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' म्हणून दाखवलं. त्यावर बाबा म्हणाले, "तुह्या तुकोबाले म्हना, एक रात ये माह्या संगं जागलीले. रोही अन् डुकरं हाकलून दाखव. मंग सांग सोयरं कोन हाये ते." (जागल म्हणजे रात्रीची पिकाची राखण, रोही म्हणजे नीलगाय.) तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद आहे. ती लिहिते: "एक तर मी वाचलेलं सगळं खोटं आहे, नाही तर माझे बाबा निर्दयी आहेत. दोन्ही मानायला जीव धजत नाही. प्रबंधाचं एक पान पुढे सरकत नाही. विषय बदलू का? बाबांशी आपणहून बोलू का? आणि निसर्गावरची पुस्तकं वाचून माणूस खरंच बदलतो का?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या बाबांनी रागाच्या भरात जे विचारलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला तो साहित्याविषयीचा अतिशय नेमका प्रश्न वाटतो. तुझ्या तोंडी परीक्षेला येणारे परीक्षक तरी इतक्या मुळाशी जातील की नाही, कोण जाणे. झाडापाखरांना सोयरे म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडचा घास कधी त्या सोयऱ्यांनी पळवला होता का, असं ते विचारताहेत. तुला त्यात फक्त हेटाळणी ऐकू आली आणि तू उत्तर न देता निघून आलीस. तर आधी त्याचं उत्तर शोधू, कारण उत्तर आहे.

तुकोबांनी निसर्गाचा मार खाल्लेला होता. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बसला, घरातली माणसं गेली. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हे त्यांचेच शब्द आहेत. पाऊस पडला नाही की घरात काय होतं, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं तोच माणूस पुढे डोंगरावर जाऊन बसतो आणि झाडांना आपलं म्हणतो. 'वृक्षवल्ली' या दुष्काळाच्या अभंगाशेजारी ठेवून वाच. मग तो सुखवस्तू माणसाचा निसर्गविहार वाटत नाही. इतकं सोसूनही ज्यानं नातं तोडलं नाही, त्याचं ते बोलणं आहे. तुझ्या बाबांना हे सांगितलं असतंस तर भांडण कदाचित तिथेच थांबलं असतं, कारण दुष्काळ त्यांना कोणी समजावून सांगावा लागत नाही.

तुकोबांच्या शेत राखण्याची आख्यायिका तू कीर्तनात ऐकली असशील. शेताच्या मालकानं त्यांना राखणीला ठेवलं, पाखरं कणसांवर उतरली, आणि यांनी ती हाकललीच नाहीत. मालकानं पंचांपुढे फिर्याद नेली. पुढे रास मोजली तर दाणे उलट जास्तच भरले, असा चमत्कार सांगतात. कीर्तनकार त्या चमत्कारापाशी रमतात, मी मात्र फिर्याद करणाऱ्या मालकापाशी थांबते. पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट सांगताना लोकांनी त्याला गाळलेलं नाही. पाखरांवरची दया आणि पिकाची काळजी या दोन्ही गोष्टी एकाच शेतात उभ्या असतात हे सांगणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून तर गोष्ट पुरी करायला चमत्कार लागला. तुझ्या बाबांच्या वाट्याला चमत्कार येत नाही, त्यांना रात्र जागावी लागते.

आता त्या अभंगाकडे परत ये. आपण सगळेच त्याच्या पहिल्या ओळीवर थांबतो. शाळेच्या भिंतीवर, वृक्षारोपणाच्या फलकावर, पंधरवड्याच्या भाषणात तेवढीच ओळ असते. पूर्ण अभंगात काय आहे? एकांताचं सुख, आकाशाचा मंडप, पृथ्वीचं आसन, हरिकथेचं भोजन, आणि शेवटी 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी'. झाडांच्या सोबतीनं माणूस अखेर स्वतःशी वाद घालायला बसतो. झाड तोडू नका, असा हुकूम त्यात कुठेही नाही. स्वतःशी वाद घालायला शिकवणारा अभंग तू बाबांशी वाद घालायला वापरलास. हे दोष द्यायला म्हणत नाही. आपल्याला साहित्य शिकवलंच जातं ते असं ओळींच्या तुकड्यांनी, आणि तुकडा हातात असला की तो फेकून मारणं सोपं असतं.

अशीच आणखी एक ओळ आहे. 'नगरेंचि रचावीं । जळाशयें निर्मावीं । महावनें लावावीं । नानाविधें' ही ज्ञानेश्वरीतली ओवी पर्यावरणाच्या कितीतरी निबंधांच्या सुरुवातीला भेटते. ती चौदाव्या अध्यायातली आहे आणि प्रसंग रजोगुणाचा आहे. रजोगुण वाढला की माणूस काय काय आरंभायला निघतो, त्याची ती यादी चालली आहे. लगेच पुढे ज्ञानदेव म्हणतात की अशी अफाट कर्मं आरंभूनही त्याला पुरे वाटत नाही. आपण वृक्षारोपणाचा आदेश समजून वापरतो ती ओवी मुळात माणसाच्या न भागणाऱ्या हव्यासाचं वर्णन करते. वनं लावू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. पण निसर्गाचं भलं करायला निघालेल्या माणसाच्या मनाकडेही इतक्या बारकाईनं पाहणारं वाङ्मय आपल्याकडे असताना आपण त्याला घोषवाक्यं पुरवण्याच्या कामाला लावलं, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझ्या पत्रात एक गृहीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. निसर्गावरचं साहित्य म्हणजे सौंदर्य, शांतता, करुणा. आणि शेती, राखण, लाकूडवाला, पैसे हे सगळं त्याच्या बाहेरचं. बाबा या दुसऱ्या बाजूला उभे म्हणून ते साहित्याचे शत्रू. ही वाटणी तू केलेली नाहीस, ती तुला मिळाली आहे. पाठ्यपुस्तकातला निसर्ग बहुतेक वेळा पाहण्याचा असतो. बालकवींचा श्रावण मला आजही वेड लावतो, त्यातली एक ओळ कमी करायची माझी तयारी नाही. पण ते पाहणाऱ्याचं काव्य आहे. त्या हिरवळीत गुडघाभर चिखलात वाकलेल्या माणसाला तोच श्रावण कसा दिसतो, हे वेगळं विचारावं लागतं. आणि ते सांगणारं साहित्यही आपल्याकडे भरपूर आहे. तू पाठवलेल्या पुस्तकांच्या यादीत ते मला दिसलं नाही.

बहिणाबाईंपासून सुरुवात कर. १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मलेली, ऐन तारुण्यात वैधव्य आलेली, हयातभर शेतात राबलेली, अक्षरओळख नसलेली ही बाई. तिची गाणी मुलानं, सोपानदेवांनी जपली. आचार्य अत्र्यांच्या आग्रहामुळे ती १९५२ साली पुस्तकरूपानं आली, तेव्हा ती हयात नव्हती. सुगरणीचा खोपा आपल्याला पाठ असतो. मला तुझ्यापुढे ठेवायची आहे ती दुसरी ओळ: 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर.' मनाच्या चंचलपणाला संतांनी, कवींनी किती उपमा दिल्या असतील! पण ही उपमा सुचायला उभ्या पिकातून ढोरं हाकलून हात दुखलेले असावे लागतात. हाकलायचं, वळायचं, तोवर ते परत आत. तुझे बाबा रोज रात्री हेच करतात. ज्या बाईला पाखराच्या घरट्याचं इतकं अप्रूप तिनंच ढोरांना हाकारेही घातले, आणि त्या दोन गोष्टींत तिला भांडण दिसलं नाही. एकाच माणसाच्या पोटात दोन्ही मावतात. बोली खानदेशी असली तरी तुझ्या बाबांना ही ओळ चटकन कळेल.

मागे जायचं तर फार मागे जाता येतं. कालिदासाच्या रघुवंशात उसाच्या सावलीत बसून भात राखणाऱ्या बायका राजाचं यश गातात. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती तर आपल्याच मातीतली, महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यात गोदावरी आहे, विंध्य आहे, नांगरट करणारे गडी आहेत, कापसाची शेतं आहेत. अगदी सुरुवातीच्या एका गाथेत सखी नायिकेला समजावते की भाताची शेतं पांढुरकी पडू लागली म्हणून मान खाली घालून रडू नकोस, तागाची शेतं अजून उभी आहेत. भात कापला गेला की लपून भेटायची जागा जाणार, हे तिचं दुःख. पीक, प्रेम आणि कापणी तिथे एकमेकांत अशी मिसळली आहेत की निसर्गवर्णन कुठे संपतं आणि माणसाची गोष्ट कुठे सुरू होते, ते वेगळं काढता येत नाही. जुन्या कवींना ते वेगळं काढावंसंही वाटलं नाही.

अलीकडचं वाचायचं तर व्यंकटेश माडगूळकर. 'बनगरवाडी'तल्या धनगरांचं गाव शेवटी दुष्काळानं उठतं. हाताशी आलेली ती सगळी माणसं पांगताना वाचवत नाही. त्यांचंच 'सत्तांतर' वानरांच्या टोळीवर आहे. टोळीवर नवा नर येतो, जुन्याला हुसकावतो, पिल्लं मारली जातात. लेखक कुठेही डोळे मिटत नाही आणि वानरांना खलनायकही करत नाही. तरुणपणी हातात बंदूक घेऊन रानात गेलेला हा लेखक पुढे नुसता पाहायला जाऊ लागला, नागझिऱ्यात मुक्काम करून राहिला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. निसर्ग आवडायला तो निष्पाप असावा लागतो, ही समजूत माडगूळकर वाचल्यावर टिकत नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची, जनावरांची माहिती वर्षानुवर्षं टिपली. ती माहिती देणारी माणसं शिकार करणारी, मध काढणारी, लाकूड तोडणारीही होती. त्यांना रान ठाऊक होतं ते त्यावर जगत असल्यामुळे.

मराठीबाहेरची एकच कादंबरी सुचवते, कारण ती तुझ्या बाबांसारख्या माणसाची गोष्ट आहे. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांची 'आरण्यक'. सत्यचरण नावाचा एक बेकार सुशिक्षित तरुण कलकत्त्याहून बिहारमधल्या एका मोठ्या जमीनदारी मालमत्तेवर व्यवस्थापक म्हणून येतो. आधी तिथल्या एकाकीपणाला वैतागतो, मग त्या रानाच्या इतका प्रेमात पडतो की शहर नकोसं होतं. पण त्याची नोकरीच अशी की रान कुळांना वाटून द्यायचं. कुळं आली की झाडं जाणार. ज्या अरण्यावर त्यानं जीव लावला ते त्याच्याच सहीनं संपतं. त्याच कादंबरीत युगलप्रसाद आहे, कुठून कुठून फुलझाडं आणि वेली आणून कोणी न सांगता रानात लावत फिरणारा. बिभूतिभूषण स्वतः भागलपूर भागात अशीच नोकरी करत होते. हे पुस्तक वाचताना झाड तोडणारा आणि झाडावर जीव असणारा अशी दोन वेगळी माणसं मनात धरता येत नाहीत. आता विचार कर, तुझ्या बाबांनी कडुनिंब विकला तेव्हा त्यांना काय वाटलं, हे तू विचारलंस का? पत्रात तसं काही नाही.

पत्रात आणखीही काही नाही. कडुनिंबाचा घेर आहे, त्याखालचा झोका आहे, पोपटांचे थवे आहेत. ते तू इतकं सुंदर लिहिलंस की मलाही ते झाड दिसलं. पण ते किती रुपयांना गेलं आणि ते पैसे कुठे लागले, याबद्दल एक शब्द नाही. यंदा कापूस किती झाला, तूर किती गेली, हेही नाही. आई या सगळ्या प्रसंगात घरात होती की नाही, तेसुद्धा कळत नाही. झाडाकडे तू ज्या बारकाईनं पाहिलंस तसं माणसांकडे पाहणं राहून गेलं. पैसे तुझ्याच वसतिगृहाला लागले असतील, असं मी सुचवत नाही. ते बियाण्याला, औषधाला, व्याजाला, कुठेही लागले असतील. ते तुला माहीत असायला हवं, एवढंच.

याचा अर्थ तुझं दुःख चुकीचं आहे, असा अजिबात घेऊ नकोस. बाबांना समजून घेण्याच्या नादात ते गिळूही नकोस. दोन पिढ्यांनी राखलेलं झाड गेलं की घरातलं माणूस गेल्यासारखं होतं, आणि ते बोलून दाखवायचा तुला अधिकार आहे. शिवाय यात शेतीचंही नुकसान आहे. घरच्या निंबोळ्यांचा पाच टक्के अर्क कापसावर फवारता येतो, महागड्या औषधाचा एखादा तरी हात वाचतो. भर उन्हात बैलांना आणि वेचणाऱ्या बायांना सावली मिळते. हा मुद्दा तुकोबांच्या ओळीपेक्षा बाबांच्या हिशेबात जास्त बसेल. त्यावर ते म्हणतील की कडुनिंबाच्या सावलीत चार तासं, म्हणजे पिकाच्या चार ओळी, पिकत नाहीत. तेही खरंच आहे. या खऱ्या-खऱ्यांच्या मधे तुम्हा दोघांचं बोलणं सुरू होऊ शकतं.

बोलणं तूच सुरू कर. कोण चुकलं याचा निवाडा होईपर्यंत थांबलीस तर उन्हाळा जाईल. आवाज चढवल्याबद्दल वाईट वाटतं असं मोकळेपणी सांग. झाडाबद्दल वाईट वाटतं, हेही सांग. दोन्ही वाक्यं वेगवेगळी ठेव. मग काही दिवस कडुनिंबाचा विषय काढू नकोस. जागलीबद्दल विचार. रोही कोणत्या बाजूनं येतात, डुकरं कळपानं येतात की एकटी, आजोबांच्या वेळी इतकी होती का, तेव्हा गावकरी राखणीच्या पाळ्या लावत का. त्यांनी तुकोबांना दिलेलं आमंत्रण तू स्वीकार. एखाद्या रात्री त्यांच्यासोबत जा, चांगली बॅटरी घेऊन, मचाणावर बसून. डुकरांचा कळप अंगावर येतो तेव्हा तो जीवघेणा ठरू शकतो, म्हणून एकटीनं धुऱ्यावर फिरू नकोस. बाबा आधी नको म्हणतील. आईला मधे घाल.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. रात्रीच्या राखणीला कंटाळून काही शेतकरी कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. त्यात जनावरं मरतात, माणसंही मरतात. कधी स्वतः शेतकरी, कधी पहाटे शेतात आलेला शेजारी. बाबांच्या मनात असं काही असेल तर तिथे मात्र सगळा समजूतदारपणा बाजूला ठेवून आड ये.

पुस्तकं वाचून माणूस बदलतो का, हे तू विचारलंस. पुस्तकांनी डुकरं थांबत नाहीत, हे तर उघड आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रोह्यांना आणि रानडुकरांना संरक्षण मिळालं. ते मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पण त्या संरक्षणाची किंमत जंगलालगतचा शेतकरी रोज रात्री भरतो. शहरात बसून रान वाचलं पाहिजे असं म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या वाट्याची जागल तुझे बाबा करतात, आणि आम्ही त्यांना त्याबद्दल काहीही देत नाही. उलट त्यांनी एक झाड विकलं की त्यांना संतवाणी ऐकवतो. मला वाटतं वाचनाचा खरा उपयोग इथे होतो. चांगलं पुस्तक तुम्हाला निसर्गप्रेमी बनवेल की नाही, सांगता येत नाही. पण कोणाच्या जिवावर आपण निसर्गप्रेमी आहोत, ते दिसायला लागतं. बदल होतो तो तिथून, आणि सावकाश.

तुझ्यासारखी पत्रं मला इतरही येतात. गाव सोडून शिकायला आलेली मुलं लिहितात, शहरात वाढून गावच्या जमिनीबद्दल मतं असलेली नातवंडं लिहितात, पर्यावरण शिकवताना वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांचे चेहरे बंद होताना पाहणारे शिक्षक लिहितात. शिक्षकांना मी म्हणेन की 'श्रावणमासी' शिकवलीत की त्याच आठवड्यात महानोरांची रानातली एखादी कविता वर्गात मोठ्यानं वाचा. अजिंठ्याच्या डोंगरांजवळच्या पळसखेड्याला स्वतः शेती केलेल्या या कवीच्या ओळींत रान हे कामाचं ठिकाण आहे, आणि तरी ती कविता कुठे कोरडी होत नाही. मग मुलांना विचारा की आपल्या घरी या आठवड्यात शेतात काय झालं. निबंध लिहायला सांगू नका. बोलू द्या. आणि ज्यांच्या घरी असं भांडण चालू आहे त्यांनी आपलं आवडतं पुस्तक वडीलधाऱ्यांना वाचायला देऊ नये, वाचून दाखवावं. रात्री ओट्यावर, चार पानं. 'बारोमास' सारखी कादंबरी शेतकऱ्याच्या घरात वाचून दाखवायची तर आधी स्वतः पूर्ण वाचा. शिकलेल्या मुलाची आणि घरच्यांची तिथली ओढाताण इतकी ओळखीची आहे की ऐकणाऱ्याला ती सोसेल का, हे पाहावं लागतं.

तुझ्या घरासाठी हाताशी घेण्यासारखं एक काम आहे. वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर वनखात्याकडून भरपाई मिळते. अर्ज तातडीनं करावा लागतो आणि पंचनामा होईपर्यंत नुकसान झालेला भाग तसाच ठेवावा लागतो. सातबारा, बँकेचं पासबुक, नुकसानीचे फोटो जवळ असू देत. कितीतरी शेतकरी हेलपाट्यांना आणि कागदपत्रांना कंटाळून अर्जच करत नाहीत. तुझे बाबा करतात का, ते विचार. करत नसतील तर अर्ज तू लिही, पाठपुरावाही तूच कर. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान देण्याची तरतूद राज्याच्या जन-वन विकास योजनेत आहे. तुमचं गाव तिच्यात बसतं का, याची चौकशी वनरक्षकाकडे कर. भरपाई नुकसानीइतकी क्वचितच असते, हे मी जाणते. तरीही बापाच्या बाजूनं लेक कागद घेऊन उभी राहिली, हे त्यांना दिसेल.

राहिला प्रबंध. विषय बदलू नकोस, पण आहे तसाही ठेवू नकोस. 'माणूस आणि निसर्गाचं नातं' हा लघुप्रबंधाच्या आवाक्याबाहेरचा पसारा आहे. त्यात शेवटी प्रत्येक कवीवर एक परिच्छेद आणि प्रत्येक परिच्छेदाखाली एक अवतरण, एवढंच उरतं. तुझ्या हातात आयता एक विषय आला आहे: राखण. मराठी साहित्यातली पिकाची राखण. सुरुवात गाथासप्तशतीतल्या शेतांपासून कर, स. आ. जोगळेकरांची मराठी अनुवादासह असलेली आवृत्ती बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयात सापडेल. मग तुकोबांची आख्यायिका, मग बहिणाबाई, मग आपल्या काळातले ग्रामीण कथाकार. जात्यावरच्या ओव्यांत शेताच्या, पाखरांच्या, राखणीच्या ओव्या शोध. गी प्वातवाँ आणि हेमा राइरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या जमवल्या आहेत आणि त्यातल्या पुष्कळ 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. वऱ्हाडातल्या ओव्या तुला तुझ्या आईकडे आणि शेजारच्या आजीकडे मिळतील, त्या कोणी जमवल्या नसतील तर तूच उतरवून घे.

मार्गदर्शक कदाचित म्हणतील की घरचं प्रबंधात आणू नये. त्यांचं ऐक. कडुनिंबाची गोष्ट प्रबंधात नको, ती स्वतंत्र लिही, आणि घाई न करता लिही. पण राखणीचे शब्द, हाकारे, मचाण बांधायची रीत, पाळ्या, बुजगावण्याचे प्रकार ही सगळी क्षेत्रातून गोळा केलेली सामग्री आहे आणि तिला प्रबंधात पूर्ण जागा आहे. ती सांगणारे म्हणून बाबांची मुलाखत घे. त्यांची परवानगी विचारून ध्वनिमुद्रण कर, आणि त्यांची भाषा प्रमाण मराठीत आणू नकोस. वऱ्हाडी आहे तशी छाप. पहिलं प्रकरण लिहून झालं की मला वाचायला पाठव.